नवमीच्या आत तीन जनरेटर

"दहा तारखेला ह्या गावात कोण पानासुद्धा हातात धरणार न्हाई, साहेब. क्रेन तर सोडाच."

अहल्याक्का हे बोलली तेव्हा राजस आपल्या छापील कागदावरून बोट फिरवत होता. सत्त्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. राजस पुण्याचा, बेंगळुराबाहेर व्हाइटफील्डला नवी इमारत उभी करणाऱ्या कंपनीचा माणूस. इमारतीसाठी पुण्याहून तीन जनरेटर दोन ट्रेलरवर निघाले होते. ते नऊ तारखेच्या रात्री ट्रान्सपोर्टच्या यशवंतपूरच्या यार्डात पोचायचे, दहाला व्हाइटफील्डला नेऊन क्रेननं सिमेंटच्या ओट्यावर बसवायचे आणि अकराला, दसऱ्याच्या दुपारी, बारा वाजता सुरू करायचे, असं कागद सांगत होता.

"पण मॅडम, क्रेनसाठी दसरा मी मुद्दाम टाळलाय," राजस म्हणाला. "पूजा दसऱ्याला असते ना? दहाला नुसती सुट्टी. रोड एम्प्टी मिळतील म्हणून तर तो दिवस घेतला."

"पुण्यात असंल दसऱ्याला. हितं नवमीला आयुधपूजा. लॉरी, क्रेन, दोर, काटा, सगळं धुऊन कुंकू लावून ठेवत्यात. मंग दसरा उजाडेस्तोवर कोण हात लावत न्हाई." तिनं जरा दम घेतला. "आणि तुमच्या कागदावर सही माझीबी हाय. इंग्रजी तारखेच्या पोटातली तिथी मला दिसली न्हाई. चूक दोघांची."

त्या दिवशी आठ तारीख होती आणि दुपार कलली होती.

अहल्याक्का मूळची खानापूरकडची, जंगलाच्या कडेच्या गावातली. बाप बैलगाडीनं वेळू वाहायचा. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन ती चामराजपेटच्या गुंडूरावाच्या घरात पडली. गुंडूराव वह्या-पुस्तकं बांधायचा. तीन पिढ्या बेंगळुरात काढलेलं घर, त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. अहल्याक्कानं मात्र आपली बोली सोडली नाही. तिकडं बाया 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तशीच ही म्हणायची. पुण्याची माणसं हसली तर हसू द्यायची. यशवंतपूरच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात चौदा वर्षं तिनं खिडकीत बसून बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या फाडल्या. कुठली लॉरी कुठं असेल हे तिला ऑफिसातल्या फळ्यावर न बघता सांगता यायचं, कारण लॉरी ती नंबरावरून नाही, ड्रायव्हरच्या स्वभावावरून ओळखायची.

मालक सुधींद्र अण्णांनी त्याच उन्हाळ्यात तिला खिडकीतून उठवून मोठ्या कामांवर बसवलं होतं. मोठं काम म्हणजे माल कधी निघणार, कुठं थांबणार, कोण उचलणार, कोण उतरवणार, सगळ्याचा मेळ एकाच माणसानं घालायचा. हे तिचं पहिलंच. अण्णांनी त्या दुपारी गोडीनंच सांगितलं, की हे हुकलं तर राजसच्या कंपनीची पुढची चाळीस खेपांची कामं दुसरीकडं जातील आणि अक्काला खिडकीतच बरं. अण्णा गोडीनं बोलले की समजायचं, गळ्याशी आलं.

राजसनं उपाय काढला, क्रेनवाल्याला दुप्पट देऊ. अक्कानं आप्पाजीला फोन लावला. आप्पाजी चामराजपेटचाच, क्रेन त्याची स्वतःची, चालवायचाही तोच. तो फोनवरच खोखो हसला. दुप्पट काय नि दहापट काय, कुंकवाला भाव नसतो, म्हणाला.

दुसऱ्या कुणीही इथं हात जोडले असते. अक्कानं जोडले नाहीत. बाप म्हणायचा, गाडी जुंपायच्या आधी ओझं उतरवणारा बघून ठेव. तिनं सरळ विचारलं, "आप्पाजी, तुझं कुंकू कधीपासून सुरू?"

"नऊला दिवस मावळला की. क्रेन धुवायला काढणार."

"मंग मावळेपर्यंत क्रेन माझी."

आप्पाजी कुरकुरला. नऊच्या दुपारपर्यंत क्रेन दुसऱ्याच्या कामावर होती. ओढाताण करून तो तीन वाजता यायला कबूल झाला, पण अट घातली. सूर्य बुडाला की मी दोर सोडणार, जनरेटर हवेत लोंबत असला तरी.

राहिले ट्रेलर. संध्याकाळी पाच वाजता हुबळीच्या ऑफिसात पुढच्या ट्रेलरचा ड्रायव्हर उल्हास फोनवर आला. लुंगी नेसून झोपायच्या तयारीत होता गडी. कागदाप्रमाणं त्याला रात्री हुबळीतच थांबायचं होतं. अक्कानं घाई कर म्हटलं नाही, बक्षिसाचंही नाव काढलं नाही.

"उल्हास, नवमीला ओझ्यासकट लॉरीची पूजा करणार हाईस काय गा?"

भरल्या लॉरीला कुंकू लावणं म्हणजे जू न काढता बैलाला अंघोळ घालणं. कुठला ड्रायव्हर करील?

"उद्या दुपारी हेब्बाळला आलास तर सांजेला लॉरी रिकामी. परवा सकाळी धू, हार घाल, पेढे वाट. न्हाई आलास तर दीड दिवस जनरेटर डोक्यावर घेऊन बस यार्डात."

"मागच्याला उठवतो, अक्का," उल्हास म्हणाला. "चहा पिऊन निघालोच बघा. दोघं-दोघं आलटून पालटून चालवतो."

दुसऱ्या दिवशी बारापासून ती आठ हमाल घेऊन हेब्बाळच्या नाक्यावर उभी. दीडला ट्रेलर आले, तांबारल्या डोळ्यांचे ड्रायव्हर आणि धुळीनं माखलेल्या ताडपत्र्या घेऊन. गावात न शिरता बाहेरच्या रस्त्यानं गाड्या निघाल्या. पुढं राजस मोटारीतून. अडीच वाजता कृष्णराजपुरमच्या बाजारात सगळं अडलं.

उद्याच्या पूजेचा बाजार तो. दोन्ही अंगांना केळीचे खुंट, झेंडूच्या राशी आणि वळणावर बरोबर नको तिथं कोहळ्यांचा ढीग, कंबरेइतका. लॉरीपुढं फोडायला प्रत्येकाला कोहळा लागतो, त्यामुळं म्हातारी विकणारीण ऐन मोक्याची जागा धरून बसलेली. उल्हासनं हॉर्न मारला. म्हातारीनं पानाची पिंक टाकली आणि त्याच्या सात पिढ्यांची कानडीतून चौकशी केली.

राजस घड्याळ बघत धावत आला. अक्का खाली उतरली, म्हातारीशेजारी उकिडवी बसली आणि कानडीत म्हणाली, की एक कोहळा फुटणार नाही, हलवून पुन्हा आहे तसा रचून देते. म्हातारीनं बजावलं, मोठे तळाला, लहान वर. अक्का म्हणाली, सरी, तसंच.

हमालांची रांग लागली. हातातून हातात कोहळे पलीकडं जाऊ लागले. एक माणूस कमी पडत होता, तिथं राजस उभा राहिला. कोहळ्यावरची पांढरी भुकटी त्याच्या निळ्या शर्टावर बसली, टायवर बसली, चष्म्यावर बसली. एक हमाल म्हणाला, साहेबांची पूजा आजच झाली. राजसला कानडी कळत नव्हती, तरी हसला.

ट्रेलर वळणातून गेले तेव्हा म्हातारी म्हणाली, जाऊ दे, मी लावते. अक्कानं ऐकलं नाही. चार हमाल मागं ठेवले, ढीग होता तसा रचायला लावला. उद्या ह्यातलाच कोहळा आपल्या गाडीवरनं उतरवून फोडायचा आहे, शिव्या घेऊन कशाला जा?

व्हाइटफील्डला पोचायला सव्वाचार झाले. आप्पाजी क्रेनच्या पायरीवर बसून आभाळ बघत होता. पहिला जनरेटर अर्ध्या तासात बसला. दुसऱ्याला दोर घसरला, पुन्हा बांधावा लागला. तिसरा उचलला तेव्हा सूर्य निलगिरीच्या झाडांमागं गेला होता. जनरेटरची भोकं ओट्यातल्या बोल्टांवर उतरेनात, बोटभर फरक राहत होता.

"अक्का, दिवस चालला," आप्पाजी वरून ओरडला. "मी सांगितलं होतं."

ती ओट्यावर पालथी पडून भोकातून बघत होती. लुगडं धुळीत, केसांत सिमेंट.

"तू माझ्या हाताकडं बघ. सूर्याकडं मी बघतो. घे डावीकडं. स्वल्प. आणखी. सोड."

लोखंड लोखंडावर बसल्याचा आवाज आला. आप्पाजीनं दोर सैल केला, पंचा काढला आणि क्रेनचा हूक पुसायला लागला. सूर्य होता की बुडाला, ह्यावर दोघांचं अजून एकमत नाही.

नवमीला यशवंतपूरच्या ऑफिसात बिल्टीबुकं, पंचिंग मशीन आणि काळा फोन पाटावर मांडून अण्णांनी पूजा केली. फोनला कुंकू, वर शेवंतीचं फूल. दिवसात चारदा तो वाजला. अण्णांचा जीव वरखाली. अक्का केळीचं पान चिरत बसली. ठेवलेल्या आयुधाला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

दसऱ्याला बारा वाजून दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. तिनं फूल बाजूला ठेवलं, पदरानं कुंकू पुसलं आणि उचलला. पलीकडं आधी नुसती घरघर ऐकू आली. राजसनं रिसीव्हर जनरेटरकडं धरला होता.

"तिन्ही चालू, मॅडम. आता फर्निचरच्या खेपा. चार नोव्हेंबरला सुरू करू? त्या दिवशी काही आहे का?"

"स्वल्प थांबा. बघून सांगतो."

तिनं भिंतीवरचं पंचांग काढून टेबलावर पसरलं. फाटकाशी तुमकूरची चिंचेची लॉरी हॉर्न देत होती. रिसीव्हर खांद्याशी दाबून तिनं बिल्टीबुक ओढलं, कार्बन सरळ केला आणि लॉरीचा नंबर लिहायला लागली.