शेवटचे पान अमान्य

प्रौढ सभासदाला चित्रांचे पुस्तक देऊ नये, असा कोणताही लेखी नियम आमच्या वाचनालयात नव्हता. हे मी खात्रीने सांगतो, कारण नियमावली मागून घेऊन ती मी तिथल्याच बाकावर बसून अथपासून इतिपर्यंत वाचली होती. तरीही ग्रंथपालांनी मला पुस्तक दिले नाही. चित्रकथा बालविभागात असतात, बालविभागाचे पुस्तक बालसभासदाच्याच कार्डावर मिळते, आणि मोठ्या माणसाला असले काही हवेच कशाला, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या दोन वाक्यांत निदान काही पद्धत होती. तिसरे निव्वळ उर्मटपणाचे होते आणि त्याच्याविरुद्ध मी त्याच दिवशी कार्यकारी मंडळाकडे लेखी तक्रार दिली.

पुस्तक माझ्या पत्नीसाठी हवे होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. धुळ्याच्या न्यायालयीन कचेरीतून निवृत्त होऊन मी जळगावला स्थायिक झालो होतो. माझी पत्नी कादंबऱ्या वाचणारी बाई. स्वयंपाक आटोपला की चष्मा लावून बसे आणि दिवे लागले तरी उठत नसे. मग तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणे दोनतीन शब्दांवर आले आणि वाचन पूर्ण गेले. अक्षरे दिसत, पण लागत नसत. वर्तमानपत्र ती सुलटे धरी, मथळ्यावर बोट ठेवी आणि ते बोट तिथेच थांबून राही. डॉक्टर म्हणाले, चित्रांपासून सुरुवात करून पाहा. चित्रांचा क्रम लागला तर मन तरी गुंतेल.

ही बातमी असोद्याला तिच्या माहेरी पोहोचली आणि भावजय पिशवीभर चित्रकथा घेऊन आली. राजे, राक्षस, बोलकी माकडे. उशाशी बसून ती तान्ह्याला खेळवावे तशा सुरात म्हणाली, "अक्का, हे पाह्य माकड. सांग बरं, कुठी हाये माकड?"

पत्नीने डाव्या हाताने पुस्तक खाटेवरून खाली लोटले.

"मी पोर नाही," ती म्हणाली.

"राग तं जुनाच हाये," भावजय माझ्याकडे पाहून हसली, "म्हंजे बरी होईन."

तिच्या मनात वाईट काही नव्हते, हे मला मान्य आहे. पण मी हसलो नाही. माणूस समोर बसलेला असताना त्याच्याविषयी त्याच्या डोक्यावरून बोलले जाऊ लागले की पुढे काय होते, ते मी कचेरीत पुष्कळ पाहिले होते. आधी त्याचे मत विचारणे बंद होते, मग त्याला मत असते हेच लोक विसरतात. हिचे तसे होऊ द्यायचे नसेल तर हिच्या वयाचे, हिच्या अकलेला शोभेल असे काही हिच्या हाती द्यायला हवे होते. अक्षरांतले जग बंद झाले होते. चित्रांतले जग छापणाऱ्यांनी, विकणाऱ्यांनी आणि ग्रंथपालांनी मिळून पोरांच्या नावे करून टाकले होते. या वाटणीचा अधिकार त्यांना कोणी दिला, हा माझा प्रश्न होता आणि आजही आहे.

मंडळाचे उत्तर आले नाही. निवृत्तिवेतनाच्या कामासाठी मी धुळ्याला गेलो, तेव्हा स्मरणपत्राच्या प्रती काढायला कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरलो. माझ्या आधी एक गृहस्थ उभे होते आणि त्यांचे काम संपता संपेना. मी आवाज चढवणार, तेवढ्यात यंत्रातून बाहेर पडणाऱ्या कागदांकडे माझे लक्ष गेले. चौकटी आखून काढलेली चित्रे होती. एक म्हातारी घराला कुलूप लावते. किल्ली कनवटीला खोचते. पुन्हा मागे वळून कुलूप ओढून पाहते. खाली एक शब्द नाही.

"हे मुलांसाठी आहे का?" मी विचारले.

"नाही हो, नाना. मुलांना यात काय सापडणार?"

ते शाळेत चित्रकला शिकवत. स्वतः कथा रचून चित्रे काढायची, प्रती काढून दोऱ्याने शिवायच्या आणि ओळखीपाळखीत वाटायच्या, असा त्यांचा उद्योग होता. बडोद्याला, कलकत्त्याला, बंगळूरला असेच करणारे काहीजण होते, आणि ते एकमेकांना बुकपोस्टाने आपापली पुस्तके पाठवत. कोणी प्रकाशक नाही, दुकान नाही. मी घरची हकिकत सांगितली. त्यांनी सहानुभूतीचा एकही शब्द उच्चारला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. शिवलेली एक प्रत त्यांनी घरी नेण्यासाठी माझ्या हाती दिली आणि अहिराणीत म्हणाले, "लई जा, नाना. वाचीसन दखा, मंग बोला."

परतीच्या बसमध्ये एरंडोल येईपर्यंत मी ती दोनदा वाचली. म्हातारी पुष्कळ वर्षांनी एकटीच माहेरच्या गावी जाते. घर बंद असते. ती ओट्यावर बसते, शेजारीण चहा आणते, संध्याकाळच्या बसने ती परत निघते. शेवटच्या पानावर फाट्यावर मुलगा न्यायला आलेला असतो, तो तिचा हात धरतो. एवढेच. साठी उलटेपर्यंत मी चित्रांत अशी गोष्ट पाहिली नव्हती.

पत्नीने ते पुस्तक हातात घेतले तेव्हा मी मुद्दाम खोलीबाहेर गेलो. परत आलो तर तिचे बोट एका चौकटीवरून दुसरीवर सरकत होते. बंद घराच्या चित्रापाशी ती इतका वेळ थांबली की मला शंका आली, पुन्हा अडली की काय. अडली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते.

त्यानंतर मी त्या मास्तरांमार्फत चहूकडे पत्रे लिहिली. पुस्तके येऊ लागली. त्यांतली सगळीच वाचण्याजोगी होती असे मी म्हणणार नाही. काहींमध्ये चित्रकाराला आपली रेघ दाखवण्याची हौस होती आणि माणूस कुठेच नव्हता. असले पुस्तक पत्नी दोन पानांत बाजूला सारी. पण एक होते सासूचा चष्मा सुनेच्या डोळ्यांना लागतो त्याविषयी. एक होते गिरणी बंद पडल्यावर रोज डबा घेऊन घराबाहेर पडणाऱ्या माणसाविषयी. अशी पुस्तके ती उशाखाली ठेवी. निवड तिची असे. मी केवळ पत्रव्यवहार पाही.

मात्र त्या पहिल्या पुस्तकाचे शेवटचे पान ती पाहीना. तिथे आली की पान उलटे दुमडून पाठीमागे घाली. मला वाटले, थकली असेल. पुन्हा तेच झाले, तेव्हा मी तिला समजावले की मुलगा आला आहे, आईला घरी नेतो आहे, शेवट चांगला आहे.

"नको," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळाने, "एकटी."

म्हातारी एकटी गेली, तर एकटीच परत येईल. बस चालू असतानाच गोष्ट संपायला हवी. हा तिचा निकाल होता. तो मी तिला पुनःपुन्हा विचारून, माझ्याकडून काही न घालता नक्की करून घेतला आणि मास्तरांना कळवला: सदर वाचकास शेवटचे पान अमान्य आहे.

मास्तरांनी पान बदलायला साफ नकार दिला. हा नकार पत्रात नव्हता. तिला अक्षरे लागत नाहीत हे लक्षात ठेवून त्यांनी तो एका पानावर चौकटींत काढून पाठवला होता. एक पोरगा फाट्यावर उभा आहे. बस येते, जाते. दुसरी येते. अंधार पडतो. पोरगा मोठा होतो, टक्कल पडते, तरी तिथेच उभा. शेवटच्या चौकटीत बसमधून आई उतरते. त्यांची आई गेली ती कधी परतलीच नाही, हे मला त्या पानावरून कळले. शेवटच्या पानावरचा तो हातात हात त्यांना स्वतःसाठी हवा होता.

पत्नीने ते पान दिवसभर जवळ ठेवले. तिच्याशी कोणीतरी वाद घातला होता, तिला तोडीची समजून. माझी खात्री होती की आता ती पाघळेल. संध्याकाळी तिने मला खूण करून बोलावले.

"त्याचं त्याले," ती म्हणाली. मग श्वास घेऊन, "माह्यं मले."

आजारानंतर एका वेळी ती इतके कधी बोलली नव्हती. मी पोस्टकार्ड घेतले आणि तेवढेच लिहिले. मला युक्तिवाद सुचत होते, एरवी मी ते जोडलेही असते. सहीच्या जागी माझे नाव घालणार, तोच तिने डावा हात पुढे केला. मी लेखणी दिली. फार वेळ लागला. तिने एक चौकोन काढला, त्याची एक बाजू नीट मिटलीच नाही. आत बसच्या खिडकीसारखी एक रेघ आणि तिच्यामागे एकच वाटोळे डोके. शेजारी जागा होती. ती तिने मोकळी ठेवली.

कार्ड मी स्वतः पेटीत टाकून आलो.