पलीकडचं वळण माझ्याकडे होतं

बायकोला यातलं थोडं माहीत आहे, पण जे माहीत आहे ते खोटं आहे — मीच सांगितलेलं. मुलीला सांगायचा प्रश्नच येत नाही, कारण या गोष्टीत तिच्या लग्नाचा संबंध आहे. जावई गुणी आहे, संसार सुखाचा आहे, त्यात विष कशाला कालवा? उरलात तुम्ही. इतकी वर्षं हे कोणाच्याही कानावर घातलं नाही, तर तुमच्याच का घालतोय — विचारू नका. तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक कारण देता येईल. समोर ओळखीचा चेहरा नसला की धीर कमी लागतो, आणि धीर माझ्याकडे कधीच फारसा नव्हता.

मी जनावरांचा डॉक्टर. गाव यवतमाळकडचं, शिक्षण नागपूरचं. शिकागोजवळ आलो तेव्हा आमच्या मराठी मंडळात माणसांचे डॉक्टर पैशाला पासरी होते, इंजिनिअर त्याहून जास्त. माझी ओळख करून देताना लोक म्हणायचे, ‘‘हेही डॉक्टरच आहेत.’’ त्यातलं ते ‘ही’ मला रात्रभर टोचायचं. हसू नका — टोचायचं. त्यात नोकरी मिळाली ती राज्य सरकारच्या शर्यतींच्या खात्यात. रेस म्हटली की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे काय येतं? जुगार, दारू आणि घरदार विकून बसलेला कोणाचातरी काका. म्हणून मंडळात मी मोघम सांगायचो, ‘स्टेट गव्हर्नमेंटमध्ये आहे.’ बरीच वर्षं शर्यतीआधी घोडे तपासले आणि मग त्याच ट्रॅकवर जज झालो. कोर्टातला नव्हे. शर्यतीचा पंच.

ही शर्यत तुम्ही पाहिली नसेल. इथे घोड्यावर कोणी बसत नाही. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी असते, सल्की म्हणतात तिला, आणि तिच्यात ड्रायव्हर पाय पसरून लगाम धरून बसतो. घोड्याने उधळायचं नाही, आपल्या ठरलेल्या चालीनेच पळायचं. आमच्याकडे शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, धुरकरी बैल हाकतो, त्याच जातीचा खेळ — फक्त इथे आठ-नऊ गाड्या एकाच वेळी, चाकाला चाक घासेल इतक्या जवळून. एकाने जागा नसताना गाडी हातभर बाहेर काढली की शेजारून येणारा उताणा पडतो. याला निष्काळजी ड्रायव्हिंग म्हणतात, आणि ती कोणाची हे ठरवायचं काम आम्हा तिघांचं. ग्रँडस्टँडच्या छतावर काचेची खोली होती. तिथे दुर्बिणी लावून आम्ही उभे असायचो. वॉल्टर मुख्य जज, दुसरा रे, तिसरा मी. ट्रॅक आम्ही डोळ्यांनी वाटून घेतला होता. पलीकडचं वळण माझ्याकडे होतं.

त्या वळणावर कॅमेरा होता. पण उन्हाळ्यात संध्याकाळी सूर्य नेमका त्या बाजूला उतरतो, आणि फिल्मवर पांढऱ्या झगझगाटाशिवाय काही येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तिथे माणसाचा डोळा लागायचा, आणि माझा डोळा चांगला होता — तेवढं श्रेय मला द्याच. एकदा एका बड्या मालकाचा लाडका घोडा मी ऐनवेळी शर्यतीतून काढला होता. त्याचं मागचं पाऊल मला खटकलं. मालक अंगावर धावून आला, वरून फोन आले, मी हललो नाही. नंतर एक्स-रेमध्ये हाडाला चीर निघाली. त्या दिवसापासून तबेल्यांमध्ये ‘डॉक म्हणाला ना, मग झालं’ असं बोललं जायचं. हे फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे — थोडी फुशारकी आहेच. पण खोटं खपवायलाही आधी चांगलं नाव कमवावं लागतं, म्हणून सांगतोय.

तर तो दोन हजार चारचा उन्हाळा. मुलीचं, मृणालचं, लग्न ठरत आलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, घर जवळच, नेपरव्हिलला. मुलाचे वडील कारखानीस, पुण्याचे, निवृत्त इंजिनिअर. पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी केली, आणि मृणाल सरळ बोलून गेली, ‘‘बाबा हॉर्स रेसिंगमध्ये जज आहेत, काका.’’ कारखानिसांनी हातातला चहा खाली ठेवला. ‘‘म्हणजे पैसे लावतात तिथे? आमच्याकडे सात पिढ्यांत कोणी पत्त्यांना हात लावलेला नाही हो.’’ मग अर्धा तास संस्कार. मी मान डोलावत ऐकून घेतलं. मुलीचा बाप होतो ना. वर त्यांनाच म्हणालो, एकदा येऊन बघा, अगदी सभ्य जागा आहे.

ते आले. काचेमागच्या जेवणाच्या हॉलमध्ये मी त्यांना चांगलं टेबल मिळवून दिलं. सुलभा, म्हणजे माझी बायको, काठापदराची साडी नेसून त्यांच्याबरोबर बसली होती. मी वर माझ्या जागी गेलो.

आता येतोच त्याच्यावर. टाळत नाही. टाळतोय, कबूल आहे.

कठड्याजवळच्या मोकळ्या जागेत उन्हाळ्यापुरती एक टपरी उभी करत, तिथेही पैसे लावता येत. शर्यत सुरू झाली. घोडे समोरून गेले, पलीकडे वळायला लागले. आणि मला खाली, त्या टपरीच्या रांगेत, कारखानीस दिसले. पुढच्या शर्यतीसाठी उभे. टोपी कपाळावर ओढलेली, एकदा डावीकडे पाहतायत, एकदा उजवीकडे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी दुर्बीण खाली वळवली. मला त्यांचा चेहरा नीट बघायचा होता. त्यांनी तिकीट घेतलं, दोनदा वाचलं आणि चष्म्याच्या घरात घडी करून ठेवलं. ते चष्म्याचं घर आजही मला लख्ख आठवतं — तपकिरी, बटण तुटलेलं. त्या संध्याकाळी मी जे खरोखर पाहिलं, ते एवढंच.

खालून लोकांचा आवाज आला. मी दुर्बीण वर उचलली तेव्हा पलीकडच्या वळणावर एक घोडा आडवा पडला होता, एका सल्कीची चाकं आभाळाकडे फिरत होती, आणि एक माणूस मातीत पडला होता. तो हलत नव्हता. तो काईल, पडलेल्या गाडीचा ड्रायव्हर, बाहेरच्या अंगाने पुढे येत असणार. त्याच्या पुढे आतल्या बाजूला तीन नंबर, डेनिस हाकत होता तो घोडा, कठड्यापासून थोडा सुटलेला. तो आधी सुटला होता की टक्कर झाल्यावर सुटला? मला काय माहीत?

वॉल्टरने मान न वळवता विचारलं, ‘‘डॉक, तुझं वळण. काय झालं?’’

‘मी पाहिलं नाही’ म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणून बघितलंय नंतर, गाडीत, एकटा असताना. काही वेळ लागत नाही. पण मग पुढचा प्रश्न आला असता — कुठे बघत होतास? मी त्या खोलीतला एकटाच बाहेरचा माणूस. ‘शेवटी बाहेरचाच’ असं लिहिलेलं दिसलं असतं मला त्यांच्या चेहऱ्यांवर. निदान मला तसं वाटलं. हे कारण म्हणून सांगत नाही, तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतोय.

मी म्हणालो, ‘‘तीन नंबर बाहेर आला. जागा नसताना.’’

तीनच का? तो जवळ होता म्हणून? डेनिसला आडदांडपणाबद्दल आधी दंड झाले होते म्हणून? की ट्रॅकच्या कँटीनमध्ये तो माझ्या उच्चारांची नक्कल करून चारचौघांना हसवायचा म्हणून? खरं सांगतो, मलाच माहीत नाही. पण जीभ अडखळली नाही, एवढं माहीत आहे.

काही दिवसांनी सुनावणी झाली. फिल्म लावली, वळणावर पांढराच पांढरा. रे चुळबुळत म्हणाला की त्याला ओझरतं वाटलं, काईलच आत घुसला. वॉल्टर म्हणाला, वळण डॉकचं होतं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. आमच्याकडे तीनच मुखं, आणि सगळं येऊन ठेपलं माझ्यावर. तिथेही सुधारता आलं असतं. रेने दार उघडून दिलं होतं, मी फक्त ‘कदाचित’ म्हणायचं होतं. म्हणालो नाही.

डेनिस वकील न घेता आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने सांगितलं, माझा घोडा सरळ होता, मी जागा सोडली नाही. वॉल्टर म्हणाला, ‘‘डॉकने पाहिलंय.’’ डेनिस माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘‘तू पाहिलंस, डॉक?’’

‘‘पाहिलं.’’

तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘तू पाहिलं असशील तर मग मी बाहेर आलो असेन.’’

त्या सीझनपुरतं त्याचं लायसन्स गेलं. तेवढंच असतं तर मी आज बोललोही नसतो — इतका काही मी हळवा नाही. पण काईलचं कमरेखालचं अंग गेलं. घरी दोन लहान मुलं होती त्याला. आणि डेनिस हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याच्या बायकोसमोर रडला, माझ्यामुळे झालं म्हणाला. हे मला रेने सांगितलं. काईल घरी आला तेव्हा त्याच्या दारात खुर्ची चढवायला लाकडी उतार लागणार होता. तो डेनिसने स्वतः बांधला, दोन शनिवार-रविवार खपून. लायसन्स परत मिळालं तरी तो पुन्हा सल्कीत बसला नाही. दुसऱ्यांचे घोडे धुवायचं काम धरलं त्याने.

डेनिसचीच चूक असेल का? असेलही. रोज नाही, पण अधूनमधून मी या ‘असेलही’ला धरून बसतो. वाईट आधार आहे तो. कारण ती कोणाची चूक होती हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता, आणि तो चष्म्याचं घर बघत होता.

आणि मी? माझं उत्तम चाललं. लग्न थाटात झालं. रिसेप्शनला कारखानीस माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना सांगत होते, ‘‘आमचे व्याही जज आहेत बरं का. अमेरिकन सरकारचे.’’ इतकी वर्षं टोचणारं ते ‘ही’ एका संध्याकाळीत निघालं. मी नुसता हसलो. सुलभाने परतताना गाडीत विचारलं, ‘‘अहो, त्या पडलेल्या माणसाचं पुढे काय झालं?’’ मी म्हटलं, ‘‘सुधारतोय.’’ पुढे वॉल्टर निवृत्त झाला आणि त्याच्या खुर्चीवर मला बसवलं. समोर येणाऱ्या ड्रायव्हरांना मी सांगायचो, खरं बोला, खरं बोलणाऱ्याला आम्ही सांभाळून घेतो. तोंड वर करून सांगायचो.

सांगावंसं वाटलं नाही असं नाही. एकदा काईलच्या गावापर्यंत गाडी घेऊन गेलो. दुरून तो उतार पाहिला. चांगला बांधला होता, दोन्ही बाजूंना हाताला आधार. तिथूनच गाडी वळवली आणि वाटेत कॉफी घेतली. कॉफी चांगली लागली, तेही सांगून टाकतो.

दोन हजार आठमध्ये, ट्रॅकची रया गेली होती त्या काळात, डेनिस मला पार्किंगमध्ये भेटला. म्हातारा दिसत होता. हातात ओली बादली. मी नजर चुकवून निघत होतो, त्यानेच हाक मारली.

‘‘डॉक, तुला एक सांगायचं राहिलंय,’’ तो म्हणाला. ‘‘पहिली दोन वर्षं मी तुला मनात फार शिव्या घातल्या. मला ते काही केल्या आठवत नव्हतं. मग आठवायला लागलं. आता सगळं दिसतं. माझा डावा लगाम ढिला पडला आणि घोडा बाहेर सरकला. चाक लागल्याचा आवाजसुद्धा येतो, झोपेत येतो. तू बरोबर होतास.’’

बादली खाली ठेवून, पँटला हात पुसून त्याने तो पुढे केला.

जे कोणी पाहिलंच नव्हतं, ते या माणसाला आता दिसत होतं. मी तिथे पेरलं होतं, आणि त्याने ते स्वतःचं म्हणून वाढवलं होतं. आसपास कोणी नव्हतं. वॉल्टर नव्हता, कारखानीस नव्हते, माझी नोकरी संपत आली होती, भ्यावं असं काहीही उरलं नव्हतं.

मी त्याचा हात हातात घेतला. तो थंड होता, ओला होता. आणि मी म्हणालो — त्याने विचारलंही नव्हतं — ‘‘मी नीट पाहिलं होतं, डेनिस.’’