रिंगमधली कणी

भाच्याने त्याच्या डिजिटल कॅमेऱ्याला माझी जुनी, भलत्याच कंपनीची लेन्स लावायचं ठरवलं, मधली अडॅप्टर रिंग मागवली आणि मला दाखवायला घेऊन आला. मी ती आधी तळहातावर आपटली, मग फुंकली, मग कडेकडेने नखाने चाचपली. तो म्हणाला, "मामा, नवीन आहे ना ती. आत्ता पाकीट फोडलंय." नवीन असो नाहीतर देवाने दिलेली असो, माझी खात्री पटल्याशिवाय मी ती लावू देणार नव्हतो. त्याच्या आईच्या लग्नात अशाच एका रिंगने माझी कशी वाट लावली होती ते त्याला काय माहीत!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही नाहूरला राहायचो. बोटीवर नोकरीला असलेल्या माझ्या मामाने आणलेला एक कॅमेरा माझ्याकडे होता, पण पावसाळ्यात त्याच्या लेन्सला आतून बुरशी धरली. धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं. ऑफिसातल्या मित्राने त्याची लेन्स दिली, ती दुसऱ्या कंपनीची, माझ्या कॅमेऱ्यात बसेना. म्हणून फोर्टात हिंडून रिंग आणली. लेन्स रिंगमध्ये फिरवायची आणि रिंग कॅमेऱ्यात अडकवायची. या लेन्सलाही बुरशी धरली तर मित्राला तोंड कसं दाखवणार? ओल लागू नये म्हणून मी दोन्ही वस्तू फडक्यात गुंडाळून आईच्या तांदळाच्या डब्यात खुपसल्या. "मेल्या, उद्या भातात काच शिजायची," आई म्हणाली.

बाबा म्हणत होते, स्टुडिओवाल्याला सांगू. मीच हट्टाला पेटलो. आमच्या पोरीचे फोटो कोणी परका काय काढणार!

मुलाकडचे बोरिवलीचे. माणसं वाईट नव्हती, पण मानपानाला फार जपणारी. साखरपुड्यात मुलाच्या आत्याबाईंना चहा परत विचारायचा राहिला, तर बाई निघेपर्यंत कोणाशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून आईचा जीव टांगणीला लागलेला. "पोरीला तिकडे जन्म काढायचाय रे. आपण चुकायचं आणि टोमणे तिने ऐकायचे. ती त्यांच्यात रुजायला तर हवी."

लग्नाच्या हॉलमध्ये माझी नुसती तारांबळ. रिंग लावली की लेन्सचं आतलं भोक आपोआप मिटत नाही. उघड्या भोकाने नेम धरायचा, मग हाताने कडं फिरवून ते हवं तेवढं मिटवायचं, मग बटण दाबायचं. दर फोटोनंतर धस्स व्हायचं, आपण कडं फिरवलं का नाही? शेवटी ग्रुप फोटो. मधे नवरानवरी, डावीकडे नवऱ्याच्या बाजूला त्याची माणसं, बहिणीच्या बाजूला आमची. आत्याबाईंना मी मुद्दाम पुढच्या खुर्चीत बसवलं. दबून दबून बोलत होतो, पण बसवलं.

फोटो धुऊन आले. आमच्या मावशीच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत इतकी आमची बाजू स्वच्छ, आणि त्यांची अख्खी बाजू पुसट. सासूबाई पुसट. आत्याबाई कोणत्या, ते सांगावं लागलं असतं. नवरदेवाचा एक कान झकास, दुसरा धुक्यात. बाकीच्या फोटोंतही डावीकडे तेच, फक्त तिथे खांब नि खुर्च्या होत्या. रिंग सोडवून पाहिली तर तिच्या कडेतून तांदळाची एक कणी टपकन खाली पडली. तेवढ्याशा कणीने रिंग एका बाजूने उचलून धरली होती आणि लेन्स तिरकी बसली होती.

आईने कपाळावर हात मारून घेतला. "मुद्दाम केलं म्हणतील रे. पोरीचं काही खरं नाही आता."

"फिल्म खराब निघाली म्हणून सांगू या?" मी विचारलं.

"अजिबात नाही," बाबा म्हणाले. "हट्ट तुझा होता ना? मग दाखवणार पण तूच."

पुढच्या रविवारी बहीण, जावई आणि तिच्या सासूबाई पहिल्यांदाच जेवायला आले. आईने वडे-सागोती केली होती. जेवणं झाली आणि सासूबाईंनीच विषय काढला, "अहो, फोटो दाखवा ना!"

मी अल्बम पुढे केला आणि लेन्स, रिंग, तांदळाचा डबा, कणी, सगळं एका दमात ओकलो. सासूबाईंनी चष्मा लावला. काढला, पदराने पुसला, परत लावला. जावई छताकडे बघत होते.

"अगोबाई," सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे तांदळाने घात केला होय!" आणि अशा हसायला लागल्या की डोळ्यांतून पाणी. "वन्संना दाखवतेच हा. पुढच्या खुर्चीत बसून काय मिळालं ते तरी कळू दे."

आईने इतक्या दिवसांचा श्वास सोडला आणि चहा टाकायला आत गेली. मीही सुटल्यासारखा हसत बहिणीकडे वळलो. अल्बम आता तिच्या मांडीवर होता. ती हसत नव्हती.

"दादा, हे काय रे?" तिचा आवाज चढला. "तुमची सगळी कशी स्वच्छ आलीत. आणि आमच्याकडचं एक माणूस धड नाही?"

आमच्याकडचं म्हणजे बोरिवलीचं, हे कळायला मला वेळ लागला. बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना.

आई चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबली होती. मग पुढे आली, पहिला कप तिने पाहुण्यांसारखा बहिणीच्या हातात दिला आणि म्हणाली, "चुकलंच त्याचं. तुझी सगळी माणसं घेऊन ये एकदा. तो परत काढील."