डबा ऐकतो का

माझ्या मोठ्या काकांना घरात सगळे शंकासुर म्हणतात, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची उभी हयात गेली. कुठल्या तारेत बिघाड आहे ते हुडकायचं काम, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं असलं की त्यांना उलट चैन पडत नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी इंटरनेटवर स्वतःचा ब्लॉग सुरू केला. मनात येईल ते लिहायचं. अंतराळातल्या लढायांच्या सिनेमात एवढा धडाड्धूम आवाज होतो, तो हवा नसताना येतो कुठून. जुन्या कॉम्प्युटरला एक चित्र उघडायला किती वेळ लागायचा आणि तेवढ्यात चहा कसा करून व्हायचा. मुंग्यांना परतीची वाट कशी सापडते.

"हे वाचतं कोण?" काकूंनी एकदा विचारलं.

"कोणी नाही. म्हणून तर मोकळेपणानं लिहिता येतं," काका म्हणाले.

त्यांचा मुलगा, माझा दादा, दूरच्या शहरात नोकरी करतो. गेल्या वर्षी त्यानं त्यांच्यासाठी एक बोलणारा स्पीकर पाठवला. आपण विचारायचं, त्यानं उत्तर द्यायचं. काकांनी तो उलटासुलटा करून पाहिला, खालून वरून चाचपला आणि टेबलावर ठेवून दिला.

"याला एक स्क्रू नाही," ते मला म्हणाले. मी वरच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे अशा गोष्टी आधी माझ्या कानावर येतात. "जे उघडून बघता येत नाही, त्याच्यावर माझा भरवसा नाही."

काकूंना मात्र हा बोलका डबा आवडला. त्या त्याला हवामान विचारायच्या, गाणी लावायला सांगायच्या आणि त्यानं सांगितलेलं ऐकलं की "बरं हं" म्हणायच्या.

मग एका रविवारी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "बाबा, खोकला कमी झाला का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. काकूंकडे पाहिलं, त्यांनीही मान हलवली. खोकल्याचं कोणीच सांगितलं नव्हतं. पुढच्या रविवारी दादा म्हणाला, "चष्म्याचा नंबर बदलला असेल तर नवा करून घ्या ना." हेही त्याला कोणी बोललं नव्हतं.

फोन ठेवल्या ठेवल्या काकांनी टेबलावरच्या डब्याला आपली लोकरीची टोपी घातली.

"थंडी वाजतेय का त्याला?" काकूंनी विचारलं.

"तो ऐकतोय," काका हळूच म्हणाले.

तिथून शोधमोहीम सुरू झाली. आधी ते डब्यासमोर खुर्ची टाकून बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "मला एक होडी विकत घ्यायची आहे. वल्ह्यांसकट." डबा ऐकून कंपनीला सांगत असेल तर आपल्या कॉम्प्युटरवर होड्यांच्या जाहिराती यायला हव्यात, असा त्यांचा हिशोब. एकही होडी आली नाही. मग त्यांनी घरातून बाहेर जाणाऱ्या डेटाचा आलेख काढला. खोकला की आलेख वर जातो का, हे बघायला मुद्दाम खोकत बसले. आलेख ढिम्म हलला नाही. तेव्हा डबा निर्दोष ठरला असेल असं कुणाला वाटेल. काकांना वाटलं, डबा हुशार आहे.

त्यानंतर त्यांची नजर माझ्याकडे वळली.

"तू दादाशी बोलतेस?"

"वाढदिवसाला बोलते."

"आणि मधे?"

मला राग आला. पुढे काही दिवस मी आत गेले की ते बोलणं बदलायचे. काकूंच्या लक्षात आलं. "उद्या भिंतींवर संशय घ्याल," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, "भिंती फोन करत नाहीत."

शेवटी त्यांनी सापळा लावला. हेरांच्या सिनेमात पाहिलेली युक्ती होती. डब्यापाशी ते म्हणाले, गुडघा फार दुखतोय. मला सांगितलं, दाढ ठणकते. काकूंना सांगितलं, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. दादा ज्याची चौकशी करेल, तो खबऱ्या. काकूंनी आणि मी जिन्यात एकमेकींना विचारलं तेव्हाच आम्हाला हे कळलं, पण आम्ही त्यांचा विरस केला नाही.

रविवारी काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि आम्हा दोघींना समोर बसवलं. दादा बराच वेळ नोकरीचं, घराचं बोलत राहिला. गुडघा नाही, दाढ नाही, झोप नाही. मग तो म्हणाला, "बाबा, एक विचारू? रागावू नका. तुम्ही हल्ली विसरता का?"

काका ताठ झाले. "कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. मी तुमचा ब्लॉग वाचतो. पहिल्या लेखापासून."

काकांनी फोन जवळ ओढला.

"खोकल्याचं तुम्ही आवाजाच्या लहरींवरच्या लेखात लिहिलं होतंत. चष्म्याचं, स्क्रीनवरची अक्षरं बारीक होत चालली आहेत त्या लेखात. पण चंद्रावरचे पावलांचे ठसे पुसले का जात नाहीत, हा लेख तुम्ही उन्हाळ्यात लिहिला होता. मागच्या आठवड्यात परत लिहिलात. तीच उदाहरणं, तोच विनोद. आणि कीबोर्ड म्हणायच्या जागी 'ती बटणांची पाटी' असं दोनदा आलंय."

काकांनी "बरं" म्हणून फोन ठेवला. आत जाऊन दोन्ही लेख शेजारी शेजारी उघडले आणि ओळीन् ओळ ताडून पाहिली. मी मागे उभी होते.

"दुसरा लिहिताना मला हे पहिल्यांदाच सुचतंय असं वाटत होतं," ते म्हणाले. "फार आनंद झाला होता."

आता त्यांचा संशय स्वतःवर आला, आणि तो आधीच्या सगळ्या संशयांहून जड होता. चहात साखर घातली की ते दोनदा चाखून बघायचे. दार लावून परत येऊन कडी ओढून बघायचे. डॉक्टरकडे जायला मात्र तयार नव्हते. शेवटी काकू म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या लायनी तपासल्यात, आता स्वतःची तपासून घ्या." मग गेले.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले, रक्त तपासलं. बी-ट्वेल्व जीवनसत्त्व फारच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली.

"विसरणं त्यानंच होतंय ना?" काकांनी विचारलं.

"बहुतेक. पण नक्की आत्ताच सांगता येणार नाही. काही महिन्यांनी पुन्हा बघू."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "बाई विश्वासाची आहे. नक्की म्हणाली असती तर मी दुसरा डॉक्टर शोधला असता."

इंजेक्शनांनी फरक पडला. शब्द बरेचसे परत आले, सगळे नाहीत. आता प्रत्येक लेख आधी दादाकडे जातो आणि मग ब्लॉगवर. त्यामुळे दोघांची भांडणं वाढली आहेत. सिनेमातल्या यंत्रमानवाला दुखतं की नाही यावरून दोघं एक अख्खा रविवार भांडले, तेव्हा काकूंनी फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. काका त्याच्या मागोमाग गेले आणि दोघं तिथून ओरडत राहिले.

परवा काकांनी आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वर-खाली का नाही, यावर लिहिलं. दादाचा फोन आला.

"बाबा, हे आधी एकदा झालंय. पण या वेळी जास्त चांगलं जमलंय. टाका तसंच."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस."

"नाही."

"पुरावा काय?"

दादानं जुना लेख उघडला आणि कुठलं वाक्य का सुधारलंय ते एकेक करून सांगायला लागला. काका डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "तिसरं वाक्य जुनंच बरं होतं," आणि ते तेवढं बदलून त्यांनी लेख टाकला.