मला न दिसलेली विहीर

देव माझ्याशी बोलत नाही, हे मला चाळिशीत पक्कं कळून चुकलं होतं. पण आमच्या मंडळीत ते उघड बोलायची सोय नव्हती. मी जन्मापासून ख्रिस्ती, दहा वर्षं रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलेलं, आणि एरवी सोलापुरातल्या एका मराठी शाळेत पाचवी-सहावीची गणिताची बाई. माझ्यासारखीने देवाचा आवाज ऐकू येत नाही म्हणणं म्हणजे गणिताच्या बाईला पाढे येत नाहीत म्हणण्यातला प्रकार. म्हणून मी गप्प बसत होते.

सात रस्त्याजवळ आमचं चर्च आहे. त्याच्या मागच्या खोलीत दर शुक्रवारी दुपारी बायकांची उपास-प्रार्थना असते. सकाळची शाळा सुटली की मी तशीच उपाशी तिथे जाते. तिथली एक पद्धत आहे. प्रत्येकीने आपली अडचण नावासकट चिठ्ठीवर लिहून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची आणि निघताना डोळे मिटून दुसरीची चिठ्ठी उचलायची. मग आठवडाभर रोज पहाटे तिच्यासाठी प्रार्थना करायची, आणि प्रार्थना झाली की अर्धा तास नुसतं ऐकत बसायचं. पुढच्या शुक्रवारी पाळकबाई, म्हणजे आमचे धर्मगुरू असलेल्या पाळकांची पत्नी, एकेकीला विचारतात, ‘तुला काय मिळालं?’ जिची चिठ्ठी असेल ती समोरच बसलेली असते. तिच्या तोंडावर ते सांगायचं.

बाकीच्यांना पुष्कळ मिळायचं. एकीला पांढरं कबूतर दिसायचं, तेही दूधवाल्यासारखं नेमाने. एकीला बंद दाराखालून उजेड दिसायचा. एकीच्या तर कानात बायबलचं वचनच यायचं, अध्यायासकट. मी पहाटे डोळे मिटून बसले की मला पाण्याची मोटर ऐकू यायची, शेजाऱ्यांचा कुकर ऐकू यायचा आणि सहावीतल्या अपूर्णांकांची काळजी वाटायची. शुक्रवारी मी सांगायचे, ‘शांती मिळाली.’ शांती हे उत्तर कधी चुकत नाही. एकदा पाळकबाई हसून म्हणाल्या, “बाई, शांती तुम्हाला मिळते हो. पण ज्या बहिणीची चिठ्ठी, तिच्या हातात काय द्यायचं?” सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून जळले.

त्याच दिवशी मी आक्काची चिठ्ठी उचलली.

आक्का सोलापूरजवळच्या मंद्रूप गावची. घरी चार शेळ्या, आठवडी बाजारात शेंगाचटणी विकायची, आणि शुक्रवारी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने सोलापूरला यायची. वयाने आम्हा सगळ्यांहून मोठी, म्हणून सगळ्यांची आक्का. नवरा मोठ्या आजारातून उठला तेव्हापासून ती प्रभूची झाली होती आणि तिच्या विश्वासाला खालीवर होणं माहीत नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा.

तो आठवडा सहामाहीचे पेपर तपासण्यात गेला. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये भाजीच्या यादीजवळ पडून राहिली. मी ती उघडलीसुद्धा नाही. पुढच्या शुक्रवारी खोलीत बसल्यावर रुमाल काढताना ती हाताला लागली. गाणं चालू होतं तेवढ्यात पुस्तकाआड उघडून वाचली. ‘छातीत गाट हाय. डाक्टर सुई घालून तपासायची म्हनतो. मला भ्या वाटतं. काय करू.’

माझी पाळी आली. गृहपाठ न केलेली पोरं काय करतात, ते मी वीस वर्षं बघत आले आहे. ती मान खाली घालत नाहीत, उलट जास्त मोठ्याने बोलतात. मी डोळे मिटले आणि म्हणाले, “मला एक विहीर दिसली. तळाशी काळा दगड होता. मग पाणी चढत गेलं, चढत गेलं आणि दगड दिसेनासा झाला.”

कोणीतरी हळूच ‘आमेन’ म्हणालं. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्याला कोणी असं आमेन म्हटलं नव्हतं. तिथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण मला चव लागली. मी म्हणाले, “प्रभू म्हणतो, भिऊ नको. मी पाहून घेतो.”

आक्का पदर तोंडाला लावून रडली. पाळकबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरी पोचेपर्यंत बायकांच्या ग्रुपवर कोणीतरी विहिरीचं चित्र टाकून खाली माझे शब्द लिहिले होते, आणि त्याच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मी स्वतःला समजावलं, भिऊ नको म्हणण्यात काय चुकलं? शास्त्रात पानोपानी तेच आहे. मी जेवले आणि झोपले. झोप चांगली लागली, हे आठवलं की आज लाज वाटते.

पुढचे दोन शुक्रवार आक्का आली नाही, जत्रेच्या बाजाराचे दिवस होते. तिसऱ्या शुक्रवारी आली आणि प्रभूने आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला उभी राहिली. “डाक्टरला सांगून टाकलं, सुई नको म्हनून,” ती म्हणाली. “बाईंना दिसलंय की. दगड बुडाला. माज्या परभूनं पाहून घेतलंय, आता मानसाची सुई कशाला?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात वाजत होते आणि बोटं गार पडत होती. दगड बुडाला याचा अर्थ गाठ विरघळणार असा तिने घेतला होता, आणि दुसरा काही अर्थ घ्यायला मी जागा तरी कुठे ठेवली होती? सभा सुटल्यावर मी तिला बाहेर गाठलं.

“आक्का, गाठ कशी आहे?”

“हाय तशीच. हाताला लागती अजून.” मग ती जवळ येऊन म्हणाली, “बगलंत बी एक बारीक आलीया. पर न्हाय भीत मी. पानी चढतंय की, बाई.”

त्या क्षणापासून भीती माझ्या घरात राहायला आली. फळ्यावर गणित मांडताना खडू थांबायचा. आंघोळीला गेले की हात आपोआप स्वतःच्या काखेत जायचा. देवाचं नाव फुकट घ्यायचं नाही ही आज्ञा मी दहा वर्षं पोरांकडून घोकून घेतली होती, आणि मी नुसतं नाव घेतलं नव्हतं, त्याच्या वतीने बोलले होते. एका बाईच्या जिवावर बेतेल असं बोलले होते. आता मी रोज पहाटे खरोखर प्रार्थना करायला लागले. ‘प्रभू, तिची गाठ जाऊ दे. मी खोटं बोलले ते तू खरं कर.’ म्हणजे माझी लबाडी निस्तरायला मी देवालाच कामाला लावत होते. उत्तर आलं नाही. मोटर यायची, कुकर यायचा.

सरळ पाळकबाईंना सांगता आलं असतं. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. मला आक्काच्या मरणाची भीती वाटत होती हे खरं, पण ग्रुपवरचे ते जोडलेले हात खाली येतील याचीही भीती वाटत होती. कोणती जास्त होती हे मला विचारू नका. त्यात आणखी दोन आठवडे गेले.

शेवटी एका रविवारी उपासना संपल्यावर मी वडापमध्ये बसले आणि मंद्रूपला उतरले. वाटेत एकच ठरवलं होतं. खरं सांगायचं, आणि यापुढे ‘प्रभू म्हणतो’ हे दोन शब्द जन्मात तोंडातून काढायचे नाहीत.

आक्का दारात बसून उखळात चटणी कुटत होती. नवरा शेळ्यांना पाला टाकत होता. मला बघून तो म्हणाला, “बरं झालं आलासा, बाई. तुमीच सांगा हिला. माजं ऐकंना झालीया.”

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, “आक्का, मला काही दिसलं नव्हतं. विहीर नाही, दगड नाही, पाणी नाही. तुमची चिठ्ठी मी आठवडाभर उघडलीच नव्हती. वेळेवर काहीतरी सांगायचं म्हणून मनाने रचलं. तुम्ही दवाखान्यात जा. माझ्यामुळे थांबू नका.”

मुसळ एकदा वर गेलं आणि खाली आलं. मग थांबलं. ती चिडेल, शिव्या घालेल अशी माझी तयारी होती. ती माझ्याकडे मायेने बघत होती.

“बाई, त्यो सैतान तुमाला भुलवतोय,” ती म्हणाली. “परभूनं दिल्यालं माघारी न्यायला त्यो येतोच. तुमी हिकडं या, अशा.”

आणि तिने चटणीचा हात पदराला पुसून माझ्या डोक्यावर ठेवला आणि माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली. माझ्या शंकेचं बंधन तुटू दे म्हणून. मला दिलेलं दर्शन चोराच्या हाती लागू नये म्हणून. मी मान खाली घालून बसले होते. तिचा हात उचललेला होता, म्हणजे ती बगल, ती दुसरी गाठ, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर होती. मला इतकी भीती वाटली की दात वाजायला लागले. खोटं बोलायला एक क्षण पुरला होता, खरं मात्र कोणी घ्यायला तयार नव्हतं. आता हिला कोण उठवणार?

तेव्हा माझ्या तोंडून शब्द गेले. “आक्का, प्रभू म्हणतो, उद्या सकाळी दवाखान्यात जा.”

तिने हात काढला. “कवा म्हनला?”

“आत्ता. तुमचा हात माझ्या डोक्यावर होता तेव्हा.”

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, “उद्या शेळ्या तुमी बगा.” झालं, तेवढंच. नवरा माझ्याकडे न बघता आत गेला.

परतीच्या जीपमध्ये मी घामाने भिजले होते. ठरवलेलं तीन तासही टिकलं नव्हतं. मी आणखी एकदा खोटं बोलले, की आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले? आजही मला सांगता येत नाही. विहीर मी जोडून जोडून रचली होती, एकेक शब्द पारखून. हे वाक्य मी रचलं नव्हतं. पण भ्यालेला माणूस काहीही बोलून जातो, हेही मला ठाऊक आहे. उत्तर कोणतंही असलं तरी त्याची भीती वाटतेच.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. तपासणीत कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, छातीची एक बाजू काढली, मग केमो, केस गेले, परत आले. आक्का आज आहे आणि बाजारात चटणी विकते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते की आधी आणलं असतं तर बगलेपर्यंत गेलं नसतं कदाचित. त्या ‘कदाचित’ला धरून मी स्वतःची सुटका करून घेऊ शकते, पण करत नाही. तिचा उजवा हात आता सुजतो आणि मुसळ सून उचलते. पाळकबाईंना मी सगळं सांगितलं. शुक्रवारची पद्धत मात्र तशीच चालू आहे. मला विचारलं की मी म्हणते, ‘काही मिळालं नाही,’ आणि पुढची बाई लगबगीने बोलायला लागते.

पण सांगायची आहे ती ऑपरेशनची सकाळ. आक्का हिरवा गाऊन घालून खाटेवर पडली होती. बांगड्या काढून सुनेकडे दिलेल्या. नवरा औषधं आणायला खाली गेला होता. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “बाई, तुमाला ऐकू येतं. इचारा की त्याला. मी माघारी येते का?”

‘भिऊ नको’ हे शब्द आपोआप माझ्या ओठांवर आले. किती सोपे होते. बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत होती, वेळ नव्हता, आणि ऑपरेशनला जाणाऱ्या बाईला धीर देऊ नये असं कोण म्हणेल? मी ते शब्द गिळले.

“मला काही ऐकू येत नाही, आक्का,” मी म्हणाले. “मला फार भीती वाटते.”

मला वाटलं, आता ही हात सोडणार. पण ती लहान मुलीसारखी रडायला लागली. मी तिला कधी असं रडताना पाहिलं नव्हतं.

“मला बी,” ती म्हणाली. “लई भ्या वाटतंय. पयल्यापास्नं वाटतंय. तुमी त्या दिवशी भिऊ नको म्हनला, तवापास्नं मला भ्यायची बी चोरी झाली व्हती, बाई.”

ट्रॉली आली तोवर आम्ही दोघी तशाच बसलो होतो. प्रार्थना करायची म्हणून मी डोळे मिटले, तर एवढंच सुचलं, ‘प्रभू, आम्हाला भीती वाटते.’ तेच मी मोठ्याने म्हणाले, आणि आक्का आमेन म्हणाली.