पलटलेली कॉलर

रिसोडच्या बाजारात एक म्हातारे शिंपी आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. झिजलेली कॉलर उसवून उलटी लावावी ती त्यांनीच, शर्ट नवाकोरा वाटतो. मुलगा अमेरिकेत, त्यामुळे कात्री चालवता चालवता ते तिथल्या राजकारणावर बोलतात.

आधी ते कौतुकाने सांगायचे, "माहा पोरगा लिबरल हाय. सरकारनं कोनाच्या धंद्यात नाक खुपसू नये, असं मानते तो." पुढे त्यांच्या तोंडी लिबरल म्हणजे सरकारने गरिबाला दवाखाना द्यावा म्हणणारा झाला. तेही मी ऐकून घेतलं.

परवा माझी कॉलर उसवताना ते त्याच मायेच्या आवाजात म्हणाले, "या लिबरल लोकायनंच तो देश बुडवला."

मला राहवलं नाही. "चाचा, आधी तं तुमी त्यायची तारीफ करत होते!"

कात्री थांबली. बाकावरची गिऱ्हाइकं माझ्याकडे बघू लागली. चाचा शांतपणे हसले. "मी तं पयल्यापासून हेच सांगून राह्यलो, भाऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

घरी येऊन चिडून हे बायकोला सांगितलं. ती घाबरून माझ्याकडे बघतच राहिली.

"अवो, असं काय करता? चाचा पयल्यापासून असंच बोलते, हे तुमीच तं मले दरखेपी सांगता."