पहिली फेरी मोजायची नसते

बाजारात त्याला सगळे आकडेमास्तर म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. दिवसभर कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात धूळ झाडायची, पंखे बदलायचे, आणि काम आटोपलं की मागच्या खोलीत ग्राफिक्स कार्डं तपासत बसायचं. चपलांच्या खोक्यांत जपून ठेवलेली नऊ कार्डं होती. सगळ्यात जुनं बारा वर्षांचं, सगळ्यात नवं यंदाचं. जुन्यांना त्यांच्या कंपन्यांनी कधीच वाऱ्यावर सोडलं होतं. ती चालत ती जगभरातल्या काही उद्योगी माणसांच्या जिवावर. कार्डाकडून काम करून घेणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम ही माणसं उघडपणे लिहीत, कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. दर आठवड्याला त्याची नवी आवृत्ती निघे. मास्तर ती प्रत्येक कार्डावर घालून बघायचा, एकच गेम एकाच रस्त्यावर तीनदा चालवायचा, आणि सेकंदाला किती चित्रं पडद्यावर उमटतात तो आकडा त्यांना कळवायचा. या कामाचा त्याला एक छदामही मिळत नसे, पण त्याच्या आकड्यावर कुणी शंका घेत नसे, आणि त्याला तेवढं पुरायचं.

त्याचा एक नियम होता. पहिली फेरी मोजायची नाही. नवा ड्रायव्हर घातला की पहिल्या खेपेला कार्ड प्रत्येक दृश्याची तयारी करत करत पुढे सरकतं, म्हणून गेम अडखळतो. ती तयारी साठून राहते आणि दुसऱ्या फेरीपासून सगळं सुरळीत होतं. म्हणून पहिली फेरी सोडायची आणि पुढच्या दोन धरायच्या. हे तपासणारे सगळेच असं करतात, त्यात त्याचं एकट्याचं काही चुकलं नव्हतं.

घरी थोरला भाऊ होता. दादानं बावीस वर्षं ट्रक चालवला आणि मग स्नायू झिजवणाऱ्या आजारानं त्याला खाटेवर आणून टाकलं. आधी पाय गेले. बोटं अजून शाबूत होती, पण ती वर्षभर टिकली तरी नशीब समजा, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मास्तरनं खाटेशेजारी कॉम्प्युटर मांडला, त्यात खोक्यातल्यासारखंच दुसरं बारा वर्षांचं कार्ड बसवलं आणि डोंगरातल्या रस्त्यावर गाडी चालवायचा गेम लावून दिला. सात वळणं, मग पूल, पुलापलीकडे समुद्र.

"एकदा तो पूल ओलांडू दे," दादा म्हणाला, "मग हात गेले तरी माझी तक्रार नाही."

एका फेरीतच त्याची बोटं अशी आखडायची की पुढे आठवडाभर घास वहिनीला भरवावा लागे. म्हणून रविवारी सकाळी एकच फेरी, असं ठरलं. आणि त्या सकाळी मास्तर न चुकता दादाच्या कॉम्प्युटरवर ताजा ड्रायव्हर घालायचा. दादाला शिळं काही द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट.

दर रविवारी तिसऱ्या वळणावर गाडी दरीत जायची. क्षणभर पडदा थिजल्यासारखा व्हायचा आणि पुढचं चित्र येईपर्यंत कठडा तुटलेला असायचा.

"अडकलं का रे मधेच?" दादानं एकदा विचारलं.

"छे! हे कार्ड आता छप्पन्न देतंय. गेल्या वर्षी चौतीस देत होतं." मास्तरनं कौतुकानं कागद पुढे धरला.

दादानं तो कागद बराच वेळ बघितला. बावीस वर्षांत ज्यानं कधी कठड्याला ओरखडा लावला नव्हता, तो माणूस आपल्या हातांकडे बघत राहिला. "मग हातच गेले म्हणायचे," तो म्हणाला.

आणखी आठ रविवार असेच गेले. नवव्या रविवारी दादानं गाडी चालवायचं बटणांचं यंत्र हातात घेतलंच नाही. "ठेवून दे. उगाच मनाची समजूत कशाला." महिन्याभरात बोटं खरोखरच वळेनाशी झाली.

मग एका दुपारी वहिनी डाळ निवडता निवडता सहज बोलून गेली. "भावजी, तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. हे झोपले की मी पण ती गाडी चालवायची. सोमवारी मेली जागोजागी अडकायची. बुधवारपर्यंत अशी पळायची, की मी पूलसुद्धा ओलांडला."

मास्तरच्या ध्यानात आलं. तयारी साठायची, आणि नवा ड्रायव्हर घातला की जुनी तयारी रद्द व्हायची. हे त्याला पाठ होतं. दर रविवारी आपल्याच हातानं त्यानं ती रद्द केली होती. दादाच्या वाट्याला आठवड्याची एकच फेरी, आणि ती न मोजायची. नव्या कार्डावर ती अडखळ डोळ्याला दिसतही नसे, पण जुन्यावर तेवढ्यात गाडी दरीत जात होती. आणि त्यानं मात्र छप्पन्नचा कागद नाचवला होता.

त्यानं दादाला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. मग एक फेरी स्वतः वाया घालवली आणि दुसरी सुरू केली.

"गिअर उतरव," दादा पडल्या पडल्या सांगू लागला. "घाई नको. आता दाब. आता सोड, वळव." तिसरं वळण लोण्यासारखं गेलं. मग बाकीची. मग पूल. समोर निळा समुद्र पसरला.

"म्हणजे तेव्हा माझे हात ठीक होते," दादा म्हणाला.

"होते, दादा."

"इतके दिवस मी स्वतःलाच शिव्या घालत होतो रे."

मास्तरला रडू आवरेना. वहिनीनं दादाचा हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. त्या हाताला आता तेवढंही जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तक्त्यात पहिल्या फेरीचा नवा रकाना आखला. बारा वर्षांच्या कार्डाचा तिसऱ्या वळणावरचा आकडा आला तीन. तो त्यानं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कळवला. चार दिवसांत उत्तर आलं: आजवर हे कुणीच दाखवून दिलं नव्हतं, आभार, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो. त्यांनी शब्द पाळला. मास्तरनं ती आवृत्ती खोक्यांतल्या नऊही कार्डांवर तपासली आणि पहिली फेरीसुद्धा मोजली. दादाच्या कॉम्प्युटरवर मात्र त्यानं ती घातली नाही; तिथं साठलेली तयारी त्याला पुन्हा पुसायची नव्हती.